काच, आरसा आणि ट्रकची डावी बाजू

लंडनमध्ये ट्रकखाली येऊन मेलेल्या सायकलस्वारांचा इतिहास सांगायला बसलं, तर सुरुवात रस्त्यावरून करता येत नाही. ती मोजपट्टीपासून करावी लागते. युरोपात ट्रकची कमाल लांबी कायद्याने बांधलेली आहे. १९९६ च्या युरोपीय निर्देशाने एकाच चासीवरच्या ट्रकला १२ मीटर आणि सेमी-ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकला साडेसोळा मीटर अशी हद्द घातली. ही लांबी पुढच्या बंपरपासून मागच्या टोकापर्यंत मोजली जाते, आणि त्याआधीचे नियमही याच वळणाचे होते. ट्रकमालकाला भाडं मिळतं ते मालाच्या जागेचं. ठरलेल्या लांबीतून मालाला जितकं जास्त द्यावं, तितकं ड्रायव्हरच्या केबिनला कमी उरतं. म्हणून कारखान्यांनी केबिन इंजिनाच्या मागे ठेवायचं सोडलं आणि ती उचलून थेट इंजिनावर बसवली. नाक नसलेला, विटेसारख्या सपाट तोंडाचा उंच ट्रक असा रुळला. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने मोठ्या महामार्गांवर संपूर्ण गाडीच्या लांबीवरची बंधनं काढून फक्त ट्रेलरची लांबी विचारात घेतली, आणि पुढच्या काही वर्षांत तिथले सपाट तोंडाचे ट्रक मागे पडून लांब नाकाचे परतले. लांब नाकाने समोरचं दिसणं सुधारतं असं नाही, त्या नाकाआडही लहान मूल सहज दडतं. पण ट्रकचा चेहरा मोजण्याच्या पद्धतीने घडतो, हे या दोन खंडांच्या तुलनेतून लख्ख दिसतं.

हे आधी लक्षात ठेवावं लागतं, कारण ‘ब्लाइंड स्पॉट’ हा शब्द ऐकला की ती निसर्गाने दिलेली उणीव वाटते, डोळ्यातल्या अंधबिंदूसारखी. डच आणि जर्मन भाषांत त्याला ‘मेलेला कोपरा’ अशा अर्थाचे शब्द आहेत. तेही ऐकताना असं वाटतं, जणू तो कोपरा आपणहून मेला. प्रत्यक्षात खिडकीची खालची कड कुठे घ्यायची, ड्रायव्हरचं आसन किती उंच ठेवायचं, डाव्या दाराला पत्रा लावायचा की काच, हे कुणीतरी नकाशावर ठरवलेलं असतं. ट्रकभोवतीची आंधळी जागा ही त्या निर्णयांची सावली आहे. लंडनला हे कबूल करायला साधारण वीस वर्षं लागली. तोवरचे सगळे उपाय एक तर ड्रायव्हरला आणखी बघायला सांगणारे होते, नाही तर सायकलस्वाराला आणखी जपायला सांगणारे. ती सावली मोजता येते हे सिद्ध झालं तेव्हाच ती टाकणाऱ्याला जाब विचारता आला.

ब्रिटनमध्ये वाहनं डावीकडून चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. ड्रायव्हरची नजर जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास, कधी त्याहूनही वर. उजव्या खिडकीतून खाली वाकून बघता येतं. डावीकडची खिडकी मात्र जवळपास दोन मीटर दूर असते आणि तिच्या खालच्या कडेवरून गेलेली नजर जमिनीला टेकेपर्यंत पलीकडची लेन येते. मधल्या पट्ट्यात सायकल उभी असेल, तर स्वाराचं डोकंसुद्धा दाराच्या पत्र्याआड जातं. समोरही तेच होतं. बंपरला खेटून रस्ता ओलांडणारी म्हातारी बाई काचेच्या खालच्या कडेखाली नाहीशी होते. असा ट्रक चौकात डावीकडे वळतो, तेव्हा त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, ती आतून कापत येतात. सरळ जाणारा सायकलस्वार आणि डावीकडे वळणारा ट्रक यांच्यातली जागा काही क्षणांत बंद होते. धडकेचा वेग बहुतेक वेळा माणसाच्या धावण्याहून जास्त नसतो. तरीही माणूस वाचत नाही, कारण तो धक्क्याने दूर फेकला जात नाही, खाली ओढला जातो.

सगळे ट्रक सारखे धोकादायक नव्हते, आणि या इतिहासाचा पहिला खरा धागा इथेच सापडतो. २०११ मध्ये लंडनमध्ये १६ सायकलस्वार मेले. त्यांतल्या ९ मृत्यूंत जड मालवाहू वाहन होतं आणि त्या ९ पैकी ७ वाहनं बांधकामाची होती, म्हणजे आपण ज्यांना डंपर आणि मिक्सर म्हणतो ती. शहर त्या वर्षांत सगळीकडून उकरलं जात होतं. २०१२ च्या ऑलिंपिकची तयारी चालू होती, क्रॉसरेलचे बोगदे सुरू होत होते, टोलेजंग इमारती उठत होत्या. माती बाहेर न्यायची आणि काँक्रीट आत आणायचं काम ज्या गाड्या करत होत्या, त्यांना दूर पल्ल्याच्या ट्रकाचीच केबिन असे, वर खाचखळग्यांतून जाण्यासाठी आणखी उंच उचललेली. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून मोठ्या ट्रकांच्या बाजूला, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, अडसर लावणं बंधनकारक होतं, जेणेकरून पडलेला माणूस चाकाखाली जाऊ नये. या नियमातून डंपरसारख्या गाड्यांना सूट होती. त्या कच्च्या रस्त्याच्या गाड्या, अडसर मातीत अडकेल, हे त्यामागचं कारण. खाणीवर ते खरंही असेल. पण या गाड्यांचा दिवस लंडनच्या डांबरी रस्त्यांवर जात होता, शाळा-कचेऱ्यांच्या वेळेला, भरगच्च चौकांतून. गाडी खाणीच्या नियमाने बनवायची आणि गावात चालवायची, ही सवलत कुणी विचारपूर्वक दिली असं दिसत नाही. ती तशीच चालत आली, आणि तिची किंमत मोजणारे लोक ती देणाऱ्यांच्या हिशेबात नव्हते.

पहिला उपाय आरशांचा. नेदरलँड्समध्ये सायकलस्वार इतके, की हा प्रश्न तिथे आधी तापला. जानेवारी २००३ पासून तिथल्या ट्रकांना आंधळा कोपरा दाखवणारा जादा आरसा किंवा कॅमेरा सक्तीचा झाला. त्याच वर्षी युरोपीय संघाने नव्या ट्रकांसाठी आरशांचे वर्ग वाढवले, आणि २००७ च्या निर्देशाने २००० नंतर नोंदणी झालेल्या जुन्या ट्रकांनाही मार्च २००९ पर्यंत ड्रायव्हरच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे ब्रिटनमध्ये डावीकडे, रुंद आणि खाली बघणारे आरसे बसवायला लावले. परिणामी नव्या ट्रकचा ड्रायव्हर सहा आरशांच्या मधे बसू लागला. दोन्ही बाजूंना मुख्य आरसा, त्याखाली रुंद कोनाचा आरसा, डाव्या दारावर सरळ खाली बघणारा आणि समोरच्या काचेवर बंपरपुढचं दाखवणारा. कागदावर आंधळी जागा जवळजवळ संपली. नेदरलँड्समध्ये मृत्यू आधी घसरले खरे, पण थोड्याच काळात पुन्हा वर आले. आरसे निरुपयोगी होते असा याचा अर्थ नाही. बहिर्वक्र आरशात माणूस अंगठ्याएवढा आणि वाकडा दिसतो. सहा आरसे एकामागून एक तपासून नजर पहिल्यावर परत येईपर्यंत तिथलं चित्र बदललेलं असतं, आणि या सगळ्या वेळात सिग्नल, समोरची गाडी आणि रस्ता ओलांडणारे लोक यांच्याकडेही बघायचं असतं. भरीस भर म्हणजे कोपऱ्यावरच्या आरशांचा जुडगा स्वतःच काचेतून दिसणारा एक उभा पट्टा झाकतो. जे दाखवायला आरसा लावला, त्यातलंच काही तो लपवतो.

दुसरा उपाय समजावण्याचा. लंडनच्या पोलिसांनी सायकलस्वारांना ट्रकच्या केबिनमध्ये बसवून ड्रायव्हरला काय दिसत नाही ते दाखवण्याचा कार्यक्रम चालवला. तो चांगला होता, आणि वर बसून उतरलेला माणूस डंपरच्या शेजारी पुन्हा निर्धास्त उभा राहणार नाही. ट्रकांच्या मागे स्टिकर लागले ते मात्र वेगळे. सायकलस्वारांनी मागेच राहावं, असा हुकूम देणारे ते स्टिकर लवकरच बस आणि छोट्या व्हॅनवरही चिकटले. २०१४ मध्ये सायकल संघटनांनी आणि अपघातग्रस्तांच्या संघटनांनी त्यांना जाहीर विरोध केला आणि मजकूर बदलून घेतला. त्यांचा आक्षेप भाषेपुरता नव्हता. ज्या स्टिकरवर ‘मागे राहा’ लिहिलं आहे, त्याच्या मालकाला अपघातानंतर ‘सांगितलं होतं’ म्हणता येतं, आणि जबाबदारी हळूच एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते.

याच जागी सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत जड आक्षेप उभा आहे: सायकलस्वाराने ट्रकच्या डाव्या बाजूला घुसावंच कशाला? तो टाळून पुढे जाणं योग्य नाही. डावीकडून पुढे सरकणं धोक्याचं आहे आणि काही मृत्यू त्यामुळेच झाले. पण त्या काळचे लंडनचे चौक पाहिले, तर सिग्नलपाशी सायकलींसाठी गाड्यांच्या पुढे एक चौकट आखलेली असे आणि तिथे पोचायला डाव्या कडेने अरुंद पट्टी. म्हणजे ज्या फटीत जाऊ नये असं स्टिकर सांगत होतं, तिथेच जा असं रस्त्यावरचा रंग सांगत होता. शिवाय दर वेळी सायकल ट्रकला गाठते असंही नाही. पुष्कळदा ट्रक मागून येतो, शेजारी थांबतो आणि वळतो. २००९ चे आकडे इथे बोलके आहेत. त्या वर्षी लंडनमध्ये मेलेल्या १३ सायकलस्वारांपैकी १० बायका होत्या आणि त्यांतल्या ८ जणी जड वाहनांखाली गेल्या. शहरात सायकल चालवणाऱ्यांत तेव्हा बायका अल्पसंख्य होत्या. त्या अधिक बेफिकीर होत्या, असं म्हणायला कुणी धजावणार नाही. उलट लाल दिव्याला थांबणारी, कडेने शांतपणे जाणारी व्यक्तीच हिरवा दिवा लागताना ट्रकच्या डाव्या कुशीत सापडते, हे स्पष्टीकरण त्या वेळी पुढे आलं. ते पूर्ण सिद्ध झालं आहे असं मी म्हणणार नाही. एवढं मात्र नक्की, की नियम पाळणाऱ्याचा बळी जास्त जात असेल तर सावधगिरीची शिकवण कितीही दिली तरी अपुरी पडते. आणि रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला तर हा आक्षेप लागूच होत नाही. तो ट्रकच्या पुढून जातो, कारण रस्ता ओलांडायची जागा तिथेच असते.

ही चर्चा तज्ज्ञांच्या खोलीत अडकली असती, तर बहुधा आणखी दहा वर्षं आरशांच्या कोनांवर चालली असती. तिला बाहेर काढलं ते घरचं माणूस गमावलेल्यांनी. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या बळींच्या कुटुंबीयांची ‘रोडपीस’ ही संस्था १९९२ पासून आहे. तिच्या दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेल्या सिंथिया बार्लो यांची मुलगी २००० साली लंडनमध्ये डावीकडे वळणाऱ्या काँक्रीट मिक्सरखाली गेली. बार्लो यांनी ज्या कंपनीचा तो मिक्सर होता तिचे शेअर विकत घेतले आणि भागधारक म्हणून वार्षिक सभेत उभं राहून प्रश्न विचारले. त्यातून कंपनीने आपल्या गाड्यांना संवेदक, जादा आरसे आणि वळताना वाजणारे इशारे बसवायला सुरुवात केली. न्यायालयात ‘ड्रायव्हरला दिसली नाही’ या वाक्यापाशी विषय थांबतो. भागधारकांच्या सभेत ‘का दिसली नाही आणि तुम्ही काय बदलणार’ हे विचारता येतं. प्रश्न विचारायची जागा बदलली की उत्तर देणाराही बदलतो, हे बार्लो यांनी फार आधी ओळखलं. अशाच दुःखातून ‘सी मी सेव्ह मी’ ही मोहीम निघाली आणि २०११ मध्ये युरोपीय संसदेच्या निम्म्याहून अधिक सदस्यांनी ट्रकभोवतीची आंधळी जागा संपवावी या लेखी निवेदनावर सह्या केल्या.

मग २०१३ चा नोव्हेंबर आला. दोन आठवड्यांत लंडनमध्ये सहा सायकलस्वार मेले. सगळे ट्रकखाली गेले नव्हते, काही बस आणि कोचखालीही गेले. पण त्या वर्षातल्या एकूण १४ मृत्यूंपैकी ९ जड मालवाहू वाहनांमुळे झाले होते. २९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ब्लॅकफ्रायर्स रोडवर, शहराच्या वाहतूक प्राधिकरणाच्या कार्यालयासमोर, शेकडो लोक आपापल्या सायकली शेजारी आडव्या टाकून मेणबत्त्यांच्या उजेडात रस्त्यावर निजले. निदर्शनांनी कायदे होत नाहीत हे खरं. तरी त्या रात्रीनंतर कोणत्याही महापौराला हा विषय खालच्या अधिकाऱ्यावर सोपवून मोकळं होणं अवघड झालं. बांधकाम कंपन्यांनी आणि प्राधिकरणाने त्याच वर्षी बांधकाम वाहतुकीसाठी एक समान मानक तयार केलं. १ सप्टेंबर २०१५ पासून लंडनमध्ये साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालवाहू गाडीला बाजूचे अडसर आणि खाली व पुढे बघणारे आरसे सक्तीचे झाले. डंपरची जुनी सूट शहराच्या हद्दीत संपली.

पण आरसे म्हणजे तोच जुना उपाय, फक्त सगळ्यांना लावलेला. वेगळा विचार बऱ्याच काळापासून लंडनच्या गल्ल्यांतून रोज पहाटे फिरत होता, त्याकडे या नजरेने पाहिलं गेलं नव्हतं इतकंच. तो म्हणजे कचऱ्याचा ट्रक. कचरा उचलणारे कामगार दिवसातून शेकडो वेळा गाडीत चढतात-उतरतात, म्हणून त्यांच्या ट्रकची केबिन खाली आणलेली असते. एका पायरीत आत जाता येतं, समोरची काच मोठी असते, डावं दार काचेचं असतं. वॉरिकच्या डेनिस ईगलचे असे ट्रक ब्रिटनभर आहेत आणि मर्सिडीजने ‘इकॉनिक’ १९९८ मध्ये आणला. कामगारांचे गुडघे वाचावेत म्हणून केलेल्या या रचनेत ड्रायव्हर जवळजवळ शेजारच्या माणसाच्या उंचीवर बसतो आणि शेजारी उभ्या सायकलस्वाराच्या डोळ्यांत थेट बघू शकतो. लंडन सायकलिंग कॅम्पेनने २०१३ मध्ये हाच धागा धरून शहरासाठीच्या सुरक्षित डंपरचं चित्रच तयार करून मांडलं. ‘असा ट्रक बनवता येत नाही’ हे उत्तर त्यानंतर देता येईना, कारण तो बनत होता आणि रोज पहाटे कचरा वाहत होता.

मोजमाप आलं ते लफबरो विद्यापीठाच्या डिझाइन विभागातून. स्टीव्ह समरस्किल, रसेल मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचलित ट्रकांच्या त्रिमितीय प्रतिकृती संगणकात उभ्या केल्या, त्यांत ड्रायव्हर बसवला आणि त्याच्या डोळ्यांतून काचेपलीकडे नेमकं किती आणि काय दिसतं ते काढलं. पुढे यातून जी पद्धत ठरली ती समजायला सोपी आहे. ट्रकभोवती एक अदृश्य पेटी कल्पायची, समोर दोन मीटर आणि डावीकडे साडेचार मीटर पसरलेली, आणि तिच्या घनफळाचा किती भाग आरशाशिवाय, नुसत्या डोळ्यांना दिसतो ते मोजायचं. पुरेसं किती, हे ठरवायला त्यांनी इटलीतल्या बुटक्या बाईची उंची घेतली. युरोपात जी सगळ्यांत आधी दिसेनाशी होईल, तिचं डोकं आणि खांदे दिसले पाहिजेत. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सगळ्यांत न्याय्य निर्णय आहे. यंत्रांची मापं अनेकदा सरासरी पुरुषावर काढली जातात. इथे ज्या व्यक्तीला जास्त धोका आहे तिलाच मोजपट्टी केलं गेलं. आणि मोजल्यावर दिसलं, की एकाच कामाच्या दोन ट्रकांत आंधळ्या जागेचा फरक प्रचंड आहे. निसर्गनियम असता तर सगळे सारखेच आंधळे निघाले असते.

आरसा विरुद्ध काच या वादाचा निकाल लीड्स विद्यापीठाने अरुप या अभियांत्रिकी संस्थेबरोबर २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासाने लावला. आरशात किंवा पडद्यावर माणूस दिसल्यावर ड्रायव्हरची प्रतिक्रिया, थेट काचेतून दिसल्यावरच्या प्रतिक्रियेहून सरासरी ०.७ सेकंद उशिरा येते. हा वेळ किरकोळ वाटतो. पण ताशी २४ किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक ०.७ सेकंदात ४.७ मीटर पुढे जातो, म्हणजे एका पूर्ण मोटारगाडीएवढा. थेट दिसण्यात आणखी एक गोष्ट आहे जी सेकंदांत मोजता येत नाही. काचेतून ड्रायव्हरला माणूस दिसतो तसा माणसालाही ड्रायव्हर दिसतो. नजरानजर होते, मान हलते, हात वर होतो. रस्त्यावरचा अर्धा व्यवहार असाच चालतो. कॅमेरा कितीही चांगला असला तरी तो एकतर्फी आहे. आपण दिसलो की नाही हे खालच्या माणसाला कळत नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये महापौर सादिक खान यांनी ट्रकांना दिसण्यावरून शून्य ते पाच तारे द्यायची योजना जाहीर केली. मूळ इरादा असा होता, की २०२० पासून शून्य ताऱ्यांच्या ट्रकांना शहरात बंदी घालायची. इथे एक अडचण होती. ट्रक कसा बनवायचा हे ठरवण्याचा अधिकार शहराला नव्हता, तो युरोपीय नियमांचा प्रांत. मग लंडनने आपल्या रस्त्यांवर कोणी यावं हा आपला जुना अधिकार वापरला. १९८५ मध्ये रात्रीच्या झोपेसाठी जड ट्रकांवर निर्बंध घालणारा एक आदेश निघाला होता. त्यालाच दुरुस्ती जोडून १२ टनांवरच्या ट्रकांना परवाना सक्तीचा केला. शांत झोपेसाठी केलेला कायदा जीव वाचवायला उपयोगी पडला.

मालवाहतूकदारांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. त्यांच्या बाजूला सरसकट स्वार्थ म्हणणं अन्यायाचं होईल. एक-दोन ट्रकांवर घर चालवणारा माणूस कायदेशीर, नवाकोरा ट्रक कर्जावर घेतो आणि चार वर्षांनी त्याला सांगितलं जातं की तुझा ट्रक शून्य ताऱ्यांचा. बाजारात बहुतेक जड ट्रक उंच केबिनचेच मिळत होते, हा त्याचा दोष नाही. उंच गाडीशिवाय खाणीत आणि भरावाच्या जागी जाता येत नाही, हा दुसरा मुद्दा. याला उत्तर मात्र होतं: गाडी फेरीतले शेवटचे दोनशे मीटर चिखलातून जाते म्हणून उरलेली सगळी वाट तिने शहरावरून आंधळं फिरावं, यापेक्षा ते दोनशे मीटर नीट करून घेणं स्वस्त पडतं, आणि बांधकामांच्या जागांवर तशी अट घालता येते. छोट्या मालकाच्या खर्चाच्या मुद्द्याला पूर्ण उत्तर नव्हतं, आणि म्हणूनच तडजोड झाली. शून्य ताऱ्यांचा ट्रकही चालेल, पण त्याला कॅमेरा, डावीकडचे संवेदक, वळताना बोलून सावध करणारा भोंगा, आरसे आणि अडसर बसवावे लागतील. कोविडच्या साथीमुळे अंमल लांबत लांबत १ मार्च २०२१ ला सुरू झाला. परवान्याशिवाय आलेल्या ट्रकला ५५० पौंड दंड ठेवला. २८ ऑक्टोबर २०२४ पासून पट्टी तीन ताऱ्यांवर गेली. त्याखालच्या ट्रकांनी माणूस आणि खांब यांतला फरक ओळखणारी नवी यंत्रणा बसवायची, आणि त्यासाठी दिलेली सवड मे २०२५ मध्ये संपली.

याने खरोखर जीव वाचले का? २०१५ ते २०१७ या वर्षांत लंडनच्या वाहतुकीत जड ट्रकांचा वाटा फक्त ४ टक्के होता, पण सायकलस्वारांच्या ६३ टक्के आणि पादचाऱ्यांच्या २५ टक्के जीवघेण्या अपघातांत ते होते. वाहतूक प्राधिकरणाच्या नोंदींनुसार, ज्यांत न दिसणं हे एक कारण होतं असे जीवघेणे अपघात २०१८ मध्ये १२ होते आणि २०२३ मध्ये ६. निम्मे झाले म्हणून ढोल वाजवण्याइतके हे आकडे मोठे नाहीत. बारा आणि सहा यांच्यात एखाद्या वाईट महिन्याचं अंतर असतं. याच काळात लंडनमध्ये सायकलींचे वेगळे मार्ग वाढले, चौक बदलले, वेग कमी झाले. ट्रक आणि सायकल एका पट्टीत येऊच नयेत हा उपाय मुळाशी जाणारा आहे, असं म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. पण वेगळा मार्ग प्रत्येक गल्लीत जात नाही आणि पादचाऱ्याला तर चौक ओलांडावाच लागतो. रस्ता सुधारणं आणि ट्रक सुधारणं ही पर्यायी कामं आहेत असं मांडलं, की दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवून मोकळी होतात. ट्रकचं आयुष्य दहा-पंधरा वर्षं धरलं, तर त्याची काच बदलायचा निर्णय जितका उशिरा, तितका तो आंधळा कोपरा पुढच्या पिढीच्या रस्त्यावर राहतो.

भारतातही स्टिअरिंग उजवीकडे आणि वाहतूक डावीकडून, त्यामुळे लंडनची ही भूमिती पुण्या-मुंबईच्या चौकांना जशीच्या तशी लागू पडते. आपल्याकडे या डाव्या बाजूवर एक जुना उपाय आहे: क्लीनर. तो खिडकीतून डोकं बाहेर काढतो, दाराच्या पत्र्यावर थाप मारतो, ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो आणि मोटारसायकलवाल्याला हाताने थोपवतो. ब्रिटनच्या ट्रकांतही एकेकाळी ड्रायव्हरच्या शेजारी सोबती बसत असे. पगार वाचवण्यासाठी तो गेला आणि त्याच्या जागी आरसे आले. क्लीनर ठेवणं परवडत नाही, ही तक्रार आता महाराष्ट्रातले मालकही करतात. तो गेला तर ट्रकचा एक डोळा जाणार, आणि त्या जागी काय येणार हे तो जाण्याआधी ठरवावं लागेल.

लंडनचं मोजमाप आता शहराच्या हद्दीबाहेर गेलं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियमांत थेट दिसण्याचा नियम क्रमांक १६७ आला तो याच पद्धतीवर. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमाने केबिनला थोडी लांबी जास्त घ्यायची मुभा दिली, म्हणजे ज्या मोजपट्टीने सपाट तोंड घडवलं तीच अखेर सैल झाली. नव्या ट्रक-प्रकारांना थेट दिसण्याची अट जानेवारी २०२६ पासून आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या ट्रकला ७ जानेवारी २०२९ पासून लागू होते. पण या नियमातही ट्रकांच्या वर्गवारीप्रमाणे पट्टी बदलते, आणि दूर पल्ल्याच्या उंच केबिनना शहरी ट्रकांपेक्षा कमी दिसलं तरी चालतं. ते हमरस्त्यावरचे, हे त्यामागचं कारण. डंपरला अडसरातून सूट देताना तो कच्च्या रस्त्याचा आहे, असंच सांगितलं गेलं होतं. दूर पल्ल्याचा ट्रकही शेवटी माल उतरवायला कुठल्या तरी गावाच्या गोदामापाशीच येतो, आणि तिथे पोचायला त्याला निदान एकदा तरी चौकात डावीकडे किंवा उजवीकडे वळावं लागतं.